इंकजेट शाईच्या रंगद्रव्य-मिश्रणाचा पेटंट अर्ज कसा तपासावा

इंकजेट शाईसाठीच्या रंगद्रव्य-मिश्रणाचा पेटंट अर्ज हाती आला, की पहिल्या वाचनात समोर नुसते आकडेच आकडे दिसतात. रंगद्रव्याचे शेकडा प्रमाण, कणांचा सरासरी व्यास, डिस्पर्संटची (कण एकमेकांपासून वेगळे ठेवणाऱ्या द्रव्याची) ॲसिड व्हॅल्यू, क्ष-किरण विवर्तनातील शिखरे, साठवणीनंतर व्हिस्कॉसिटीत (दाटपणात) पडलेला फरक, असे सारे एकाच दाव्यात दाटीवाटीने बसवलेले असते. नवा परीक्षक अशा वेळी लगेच जुने दस्तऐवज शोधायला बसतो आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या लक्षात येते, की आपण कशाची तुलना कशाशी करत होतो हेच मुळात ठरलेले नव्हते. दाव्यातील प्रत्येक आकडा नेमक्या कोणत्या वस्तूचा आहे आणि तो कोणत्या पद्धतीने मोजला आहे, हे निश्चित झाल्याशिवाय नावीन्याबद्दल एक ओळही लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. पुढे सांगितलेली सगळी कामे याच एका सवयीवर उभी आहेत. परीक्षकाइतकीच ती अर्ज लिहिणाऱ्या पेटंट एजंटच्याही उपयोगाची आहे.

समजण्यासाठी एक दावा रचून घेऊ आणि शेवटपर्यंत तोच वापरू. "इंकजेट शाईसाठी रंगद्रव्य-मिश्रण, ज्यात पिगमेंट व्हायोलेट १९ आणि पिगमेंट रेड १२२ यांचे घन द्रावण, रंगद्रव्याच्या वजनाच्या १ ते १० टक्के सल्फोनेटेड क्विनाक्रिडोन, १०० ते २०० ॲसिड व्हॅल्यू असलेला स्टायरीन-ॲक्रिलिक डिस्पर्संट आणि पाणी यांचा समावेश असून, कणांचा सरासरी व्यास ६० ते १२० नॅनोमीटर आहे." यातले घन द्रावण म्हणजे दोन रंगद्रव्यांचे रेणू एकाच स्फटिकजालात बसलेले द्रव्य, सल्फोनेटेड क्विनाक्रिडोन हे थोड्या प्रमाणात घातलेले सहायक द्रव्य, आणि ॲसिड व्हॅल्यू म्हणजे १ ग्रॅम पदार्थातील आम्लगट उदासीन करायला लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिलिग्रॅममध्ये. दिसायला हा दावा साधा आहे, पण त्यात किमान चार ठिकाणी थांबावे लागते.

आधी वस्तू ओळखावी

डाय शाईत विरघळतो, रंगद्रव्य विरघळत नाही. ते अतिशय बारीक घन कणांच्या रूपात द्रवात तरंगत ठेवावे लागते, आणि इंकजेटच्या बाबतीत हे काम अवघड होते, कारण प्रिंटहेडच्या नोझलचे छिद्र साधारण २० ते ५० मायक्रोमीटरचे असते आणि शाई बरीच पातळ असावी लागते. पीझो प्रिंटहेडसाठी व्हिस्कॉसिटी सर्वसाधारणपणे १० मिलिपास्कल-सेकंदांच्या आसपास, तर थर्मल प्रिंटहेडसाठी त्याहूनही कमी ठेवतात. घट्ट लेपात किंवा ऑफसेट शाईत कण एकत्र आले तरी ते जागचे फारसे हलत नाहीत. इंकजेटच्या पातळ शाईत मात्र ते तळाशी बसतात, गुठळ्या होतात, नोझल तुंबते. थर्मल प्रिंटहेडमध्ये तर तापलेल्या पृष्ठभागावर शाईचे घटक जळून थर साचण्याचाही त्रास असतो. म्हणून या क्षेत्रातील बहुतेक शोध कण वेगळे ठेवण्याचा, त्यांचा आकार टिकवण्याचा आणि तरीही रंगाची तीव्रता न गमावण्याचा प्रश्न सोडवत असतात. अर्जाने हाती घेतलेला प्रश्न यांपैकी कोणता, हे विनिर्देशाच्या, म्हणजे अर्जातील सविस्तर वर्णनाच्या, पहिल्या दोन-तीन पानांतच शोधून समासात लिहून ठेवावे.

यानंतर रंगद्रव्याच्या नावाकडे वळावे. कलर इंडेक्स या रंगद्रव्यांच्या प्रमाणित यादीतील नाव रंगद्रव्याची रासायनिक ओळख सांगते, पण त्यापलीकडे फारसे सांगत नाही. पिगमेंट व्हायोलेट १९ म्हणजे कोणताही गट न जोडलेले क्विनाक्रिडोन. पण त्याची बीटा आणि गॅमा ही दोन्ही स्फटिकरूपे याच नावाने विकली जातात आणि त्यांचे रंग उघड्या डोळ्यांना वेगळे दिसतात, एक जांभळट आणि दुसरे लालसर. कॉपर थॅलोसायनिनच्या बाबतीत नावातच थोडी सोय आहे: पिगमेंट ब्लू १५:१ हे अल्फा रूप, १५:३ हे बीटा, १५:६ हे एप्सिलॉन. पिगमेंट ब्लॅक ७ म्हणजे कार्बन ब्लॅक, पण त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिडेशन केले आहे की डायझोनियम अभिक्रियेने गट जोडले आहेत, यावर तो डिस्पर्संटशिवाय पाण्यात टिकेल की नाही हे ठरते, आणि नावात याचा मागमूस नसतो. दोन दस्तऐवजांत एकच कलर इंडेक्स नाव दिसले म्हणून दोन्हींत एकच द्रव्य आहे असे गृहीत धरणे ही या कामातली सर्वांत सामान्य चूक आहे.

तिसरी गोष्ट अवस्थांची. रंगद्रव्य आधी कोरड्या भुकटीच्या किंवा ओल्या गाळाच्या रूपात असते; मग मण्यांच्या मिलमध्ये दळून त्याचे घट्ट डिस्पर्शन करतात, ज्यात रंगद्रव्य बहुधा १० ते २० टक्के असते; आणि शेवटी त्यात पाणी, सहद्रावक, सर्फॅक्टंट वगैरे मिसळून शाई तयार होते, ज्यात ते २ ते ६ टक्क्यांच्या घरात येते. दाव्यातील "मिश्रण" हा शब्द या तिन्हींपैकी कशालाही लागू शकतो. आपल्या उदाहरणात पाणी आहे, म्हणून भुकटी बाद होते, पण डिस्पर्शन आणि शाई दोन्ही दाव्यात बसतात, आणि जुन्या दस्तऐवजांचा शोध दोन्हींसाठी घ्यावा लागतो.

टक्केवारीची तुलना करताना हाच घोळ होतो. जुन्या दस्तऐवजात लिहिलेले असते, की डिस्पर्शनमध्ये १५ टक्के रंगद्रव्य आणि ०.४५ टक्के सल्फोनेटेड क्विनाक्रिडोन आहे. वरवर पाहता ०.४५ हा आकडा दाव्याच्या १ ते १० टक्क्यांबाहेर पडतो. दावा मात्र रंगद्रव्याच्या वजनावर आधारलेला आहे आणि त्या हिशेबाने हे प्रमाण ३ टक्के होते, म्हणजे पट्ट्याच्या आत. तेच डिस्पर्शन पातळ करून ४ टक्के रंगद्रव्याची शाई केली तर शाईतील प्रमाण ०.१२ टक्के दिसेल, पण रंगद्रव्याशी असलेले प्रमाण तेच राहील. परीक्षणाच्या टिपणात प्रत्येक दस्तऐवजाचे आकडे दाव्याच्याच आधारावर बदलून लिहिलेला एक तक्ता असावा. त्यासाठी अर्धा दिवस जातो, पण पुढचा पत्रव्यवहार बराच वाचतो.

दावा शब्दाशब्दाने वाचावा

"यांचा समावेश असून" ही रचना उघडी असते, म्हणजे न सांगितलेले आणखी घटक असले तरी मिश्रण दाव्यातच राहते. "फक्त यांचे बनलेले" असे लिहिले तर दार बंद होते. "इंकजेट शाईसाठी" हे शब्द मिश्रणाला मर्यादा घालतात, पण किती, याचा विचार नेमका करावा. युरोपीय पद्धतीत वस्तूच्या दाव्यातील "साठी" याचा अर्थ "त्या कामाला योग्य" असा घेतला जातो. म्हणून जुना दस्तऐवज पेनच्या शाईबद्दल किंवा कलर फिल्टरबद्दल असला, तरी त्यातील डिस्पर्शन तसेच्या तसे नोझलमधून उडू शकत असेल, तर "साठी" या शब्दाने नावीन्य वाचत नाही. उलट, रंगलेपासाठीचे घट्ट आणि भरड डिस्पर्शन इंकजेटला योग्य नाही हे त्यातील आकड्यांवरूनच दिसत असेल, तर तो फरक मान्य करावा.

शब्दाचा अर्थ दाव्यातून लागत असला तरी विनिर्देश उघडून पाहावेच. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने २०२५ च्या जी १/२४ या निर्णयात स्पष्ट केले आहे, की पेटंटयोग्यता तपासताना दाव्याचा अर्थ लावण्यासाठी वर्णन आणि आकृत्या नेहमीच पाहाव्यात. आपल्या उदाहरणात "घन द्रावण" या शब्दासाठी हे फार महत्त्वाचे आहे, कारण काही अर्जदार वर्णनात या शब्दाची स्वतःची व्याख्या देतात आणि एकत्र दळलेल्या दोन रंगद्रव्यांनाही त्यात सामावून घेतात.

आता सर्वांत अवघड शब्दाकडे येऊ: "सरासरी व्यास". इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वाळवलेल्या नमुन्यातील प्राथमिक, म्हणजे सुटे मूळ, कण मोजले जातात. गतिक प्रकाश-विकिरण पद्धतीत खूप पातळ केलेल्या डिस्पर्शनमधील कणांची हालचाल पाहून व्यास काढतात, आणि तिथे तीन कण चिकटून फिरत असतील तर तो एकच मोठा कण धरला जातो. शिवाय या पद्धतीत सरासरी प्रकाशाच्या तीव्रतेवर आधारलेली असते. लहान कणांच्या बाबतीत विकिरित प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश पसरवतो. त्यामुळे थोड्याशा गुठळ्यांनीही सरासरी वर चढते. एकच नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ४० नॅनोमीटर आणि प्रकाश-विकिरणाने १०० नॅनोमीटर दाखवू शकतो, आणि दोन्ही आकडे खरे असू शकतात. त्यात संख्येवरची सरासरी, आकारमानावरची सरासरी आणि डी५० म्हणजे मध्यक हे भेद आणखी आहेतच.

म्हणून अर्जात पद्धत, उपकरणाचा प्रकार, तापमान, पातळ करण्याचे प्रमाण आणि सरासरीचा प्रकार सांगितला आहे का, ते पाहावे. नसेल तर स्पष्टतेची हरकत घ्यावी आणि ती मोघम ठेवू नये: कोणत्या दोन प्रचलित पद्धतींनी एकच मिश्रण दाव्याच्या आत आणि बाहेर पडू शकते, ते लिहून दाखवावे. अमेरिकेत टेवा विरुद्ध सँडोझ या औषधासंबंधीच्या खटल्यात २०१५ मध्ये दावे अनिश्चित ठरले, ते "रेणुभार" म्हणजे कोणत्या प्रकारची सरासरी हे सांगितलेले नव्हते म्हणून. पॉलिमर डिस्पर्संटच्या रेणुभारालाही हीच कसोटी लावता येते.

शोध कुठे घ्यावा

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात इंकजेट शाई सी०९डी ११/३० खाली येते. रंगद्रव्य असलेल्या इंकजेट शायांसाठी ११/३२२, कार्बन ब्लॅकसाठी ११/३२४ आणि डिस्पर्संट हे वैशिष्ट्य असेल तर ११/३२६ पाहावे. पण एवढ्यावर थांबल्यास निम्मे काम राहते. क्विनाक्रिडोनची रसायने सी०९बी ४८ मध्ये, थॅलोसायनिन सी०९बी ४७/०४ मध्ये, आणि मिश्र रंगद्रव्ये व घन द्रावणे सी०९बी ६७/२२ मध्ये असतात. आपल्या उदाहरणासाठी हा शेवटचा गट पहिल्याइतकाच मोलाचा आहे, कारण क्विनाक्रिडोनची घन द्रावणे इंकजेटच्या आधीपासून वाहनांच्या रंगलेपांसाठी आणि प्लास्टिकसाठी बनवली जात आहेत. कलर फिल्टरची बारीक डिस्पर्शने जी०२बी ५/२० मध्ये आणि टोनर जी०३जी ९ मध्ये सापडतात. कण बारीक ठेवण्याच्या युक्त्या या क्षेत्रांत सारख्याच वापरल्या जातात. जपानी दस्तऐवज या विषयात इतके आहेत, की त्यांच्या एफ-टर्म वर्गीकरणातील ४जे०३९ हा शायांचा विभाग चाळल्याशिवाय शोध पूर्ण मानू नये.

रंगद्रव्य शोधताना कलर इंडेक्स नावाबरोबर सीएएस क्रमांक, म्हणजे रासायनिक द्रव्याचा नोंदणी क्रमांक, हाही टाकावा: पिगमेंट रेड १२२ साठी ९८०-२६-७ आणि पिगमेंट व्हायोलेट १९ साठी १०४७-१६-१. "२,९-डायमिथिलक्विनाक्रिडोन" (म्हणजे पिगमेंट रेड १२२) अशा रासायनिक नावानेही शोधावे, कारण जुन्या दस्तऐवजांत कलर इंडेक्स नाव पुष्कळदा नसतेच. सहायक द्रव्याला तर एकसारखे नाव नाही: कुणी त्याला सिनर्जिस्ट म्हणतो, कुणी रंगद्रव्य-व्युत्पन्न, कुणी स्फटिकवाढ रोखणारे द्रव्य. तिन्ही शब्दांनी शोधावे.

बाजारात मिळणाऱ्या रंगद्रव्यांच्या ग्रेडकडे दुर्लक्ष करू नये. २०२५ च्या जी १/२३ या निर्णयाने युरोपात हे निश्चित झाले आहे, की अर्जाच्या तारखेआधी बाजारात असलेले उत्पादन केवळ त्याची रचना तपासून तसेच पुन्हा बनवता येत नव्हते या कारणाने पूर्वज्ञानाबाहेर, म्हणजे अर्जाआधी उघड असलेल्या ज्ञानाबाहेर, ठेवता येत नाही. मात्र तांत्रिक माहितीपत्रकाची तारीख आणि त्या काळातील ग्रेडची वैशिष्ट्ये जुळवावी लागतात, कारण ग्रेडचे नाव तेच राहून मधल्या काळात उत्पादनाची पद्धत बदललेली असू शकते. आजच्या माहितीपत्रकातील आकडा दहा वर्षांपूर्वीच्या नमुन्याला चिकटवू नये.

नावीन्य: न लिहिलेले आकडे काढून पाहावेत

समजा, शोधात दोन दस्तऐवज हाती आले. पहिल्यात पिगमेंट रेड १२२ आणि पिगमेंट व्हायोलेट १९ सम प्रमाणात, त्यांच्यावर ३ टक्के सल्फोनेटेड क्विनाक्रिडोन, आणि वजनाने ८० भाग स्टायरीन व २० भाग ॲक्रिलिक ॲसिड यांचा कोपॉलिमर पाण्यात एकत्र दळला आहे. प्रकाश-विकिरणाने व्यास १०५ नॅनोमीटर. ॲसिड व्हॅल्यू लिहिलेली नाही. दुसऱ्यात या दोन क्विनाक्रिडोनचे घन द्रावण रंगलेपासाठी बनवले आहे आणि पृष्ठफळ दर ग्रॅमला ६० चौरस मीटर दिले आहे.

पहिल्या दस्तऐवजात ॲसिड व्हॅल्यू नाही म्हणून तो फरक मानण्याचा मोह होतो, पण ती साध्या हिशेबाने निघते. ॲक्रिलिक ॲसिडचा रेणुभार ७२.०६ आहे, म्हणून १ ग्रॅम कोपॉलिमरमधील ०.२ ग्रॅम ॲक्रिलिक ॲसिडमध्ये २.७८ मिलिमोल आम्लगट असतात. त्यांना उदासीन करायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड प्रत्येक मिलिमोलला ५६.१ मिलिग्रॅम लागते; म्हणजे ॲसिड व्हॅल्यू सुमारे १५६, दाव्याच्या पट्ट्याच्या मधोमध. ॲक्रिलिकऐवजी मेथाक्रिलिक ॲसिड असते तर त्याच वजनाला हा आकडा सुमारे १३० आला असता. अहवालात हा हिशेब पूर्ण मांडावा, नुसते "अंतर्भूतपणे प्रकट झाले आहे" असे लिहून भागत नाही. आणि त्याच दस्तऐवजातील पॉलिमरचे काही गट आधीच एस्टरमध्ये बदलले असतील, तर हा हिशेब लागू होत नाही, हेही तपासावे.

घन द्रावणाचा मुद्दा मात्र पहिल्या दस्तऐवजाला लागत नाही. दोन रंगद्रव्ये मिलमध्ये एकत्र दळली म्हणून त्यांचे रेणू एकाच स्फटिकजालात बसत नाहीत. त्यासाठी बहुधा दोन्ही एकत्र संश्लेषित करतात किंवा तीव्र आम्लात एकत्र विरघळवून पाण्यात अवक्षेपित करतात. विवर्तनाच्या आलेखात हा भेद दिसतो. साध्या मिश्रणाचा आलेख दोन्ही घटकांच्या आलेखांची बेरीज असतो, दोघांची शिखरे आपापल्या जागी उभी दिसतात. घन द्रावणाचा आलेख अशी बेरीज नसतो: एका घटकाची शिखरे नाहीशी होतात, उरलेली थोडी सरकतात, किंवा दोघांपैकी कुणाशीही न जुळणारा नमुना दिसतो. पहिल्या दस्तऐवजात आलेख नसेल आणि पद्धत फक्त दळणाची असेल, तर घन द्रावण तिथे नक्कीच तयार झाले असेल असे परीक्षकाने म्हणू नये. शक्यतेवर अंतर्भूतता सिद्ध होत नाही, परिणाम अटळ असावा लागतो.

दुसऱ्या दस्तऐवजातील पृष्ठफळावरून कणाचा अंदाज बांधता येतो. घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.५ ग्रॅम धरली, तर ६००० भागिले घनता आणि पृष्ठफळ यांचा गुणाकार, म्हणजे सुमारे ६७ नॅनोमीटर. हा आकडा दाव्याच्या ६० ते १२० मध्ये बसतो खरा, पण तो कोरड्या प्राथमिक कणाचा आहे आणि दाव्यातील व्यास डिस्पर्शनमधील कणाचा असेल तर तुलना जुळत नाही. शिवाय त्या दस्तऐवजात डिस्पर्संटही नाही. तेव्हा दोन्हींपैकी एकाही दस्तऐवजाने दाव्याचे नावीन्य जात नाही, आणि ते प्रामाणिकपणे नोंदवून पुढच्या प्रश्नाकडे जावे. नावीन्याची ओढूनताणून घेतलेली हरकत कल्पकतेच्या, म्हणजे शोध त्या क्षेत्रातील जाणकाराला उघड होता का या प्रश्नाच्या, चांगल्या हरकतीचेही वजन घालवते.

कल्पकता: तुलनेचा तक्ता भिंगातून वाचावा

पहिला दस्तऐवज सर्वांत जवळचा धरला, तर फरक एकच उरतो: साध्या मिश्रणाऐवजी घन द्रावण. आता अर्जातील प्रयोग हा फरक काय साधतो हे दाखवतात का, हा खरा प्रश्न आहे. समजा, अर्जातील तक्त्यात उदाहरण १ मध्ये घन द्रावण आणि सल्फोनेटेड द्रव्य दोन्ही आहेत, तर तुलनेच्या नमुन्यात फक्त पिगमेंट रेड १२२ आहे आणि सल्फोनेटेड द्रव्य नाही. इथे दोन गोष्टी एकदम बदलल्या आहेत. परिणाम कितीही चांगला असला तरी तो कोणत्या बदलामुळे आला हे या तक्त्यावरून कळत नाही. योग्य तुलना म्हणजे त्याच प्रमाणातील साधे मिश्रण, तेच सहायक द्रव्य, तोच डिस्पर्संट.

दळणाचा वेळ सारखा ठेवायचा की अंतिम कण-आकार, यावर वाद होतो, आणि माझ्या मते उत्तर दाव्यावर अवलंबून आहे. फरक घन द्रावण एवढाच असेल, तर दोन्ही नमुने एकाच कण-आकारापर्यंत दळलेले असावेत, कारण कण बारीक झाला की रंगछटा आणि पारदर्शकता आपोआप बदलतात, आणि तो बदल घन द्रावणाच्या खात्यावर जमा होऊ नये. अर्जदाराचे म्हणणे घन द्रावण लवकर बारीक होते असे असेल, तर मात्र वेळ आणि ऊर्जा सारखी ठेवून आकार मोजलेला हवा.

आकड्यातील फरक मापनातील चुकीपेक्षा मोठा आहे का, हेही पाहावे. ६० अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवल्यावर उदाहरणाची व्हिस्कॉसिटी ३.२ वरून ३.४ झाली आणि तुलनेच्या नमुन्याची ३.२ वरून ३.५. टक्क्यांत लिहिले की ६ विरुद्ध ९ असे भारदस्त दिसते. उपकरणाची अचूकता ०.१ मिलिपास्कल-सेकंद असेल तर या फरकाला अर्थ नाही. अशा वेळी मी नेहमी टक्केवारी बाजूला ठेवून मूळ आकडे पाहतो.

परिणाम दाव्याच्या संपूर्ण व्याप्तीत मिळतो का, हा पुढचा प्रश्न. आपल्या दाव्यात दोन क्विनाक्रिडोनचे परस्पर प्रमाण दिलेलेच नाही आणि उदाहरणे समजा ५०:५० आणि ३०:७० एवढीच आहेत. ९९:१ ला तोच परिणाम मिळेल असे मानायला आधार नसेल तर तसे लिहावे. युरोपीय विचारपद्धतीत परिणाम दाव्यातच लिहिलेला असेल तर हा मुद्दा पुरेशा प्रकटीकरणाचा होतो, लिहिलेला नसेल तर कल्पकतेचा. अर्जदाराने नंतर पाठवलेले प्रयोग स्वीकारताना २०२३ च्या जी २/२१ या निर्णयाची कसोटी लावावी: मूळ अर्ज आणि क्षेत्रातील सामान्य ज्ञान यांवरून जाणकाराला तो परिणाम अर्जाच्या तांत्रिक शिकवणीत सामावलेला आणि त्याच शोधात मूर्त झालेला दिसायला हवा.

यानंतर जाणकार माणसाने पहिल्या दस्तऐवजावरून दुसऱ्याकडे वळायचे कारण काय, ते शोधावे. तो वळू शकला असता एवढे पुरत नाही, तो वळला असता असे दाखवावे लागते. दुसरा दस्तऐवज घन द्रावणाने रंग अधिक शुद्ध दिसतो असे सांगत असेल आणि अर्जाचा प्रश्नही रंगाच्या शुद्धतेचाच असेल, तर कारण मिळाले. अर्जाचा प्रश्न साठवणीतील टिकाऊपणाचा असेल आणि रंगलेपाचा दस्तऐवज त्यावर काहीच बोलत नसेल, तर हरकत दुबळी आहे. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या केएसआर निर्णयानंतर ज्ञात घटकांच्या अपेक्षित फळ देणाऱ्या जुळणीकडे अधिक कडकपणे पाहिले जाते, आणि आकड्यांचे पट्टे एकमेकांवर आले की प्रथमदर्शनी उघडपणा मानून अनपेक्षित परिणाम दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर जाते. भारतीय कायद्याच्या कलम ३ (ई) नुसार केवळ मिसळून झालेला आणि घटकांच्या गुणांची नुसती बेरीज असलेला पदार्थ पेटंटयोग्य शोधच ठरत नाही. तिथे सल्फोनेटेड द्रव्य एकटे, घन द्रावण एकटे आणि दोन्ही एकत्र असे तीन नमुने मोजून बेरजेपेक्षा जास्त परिणाम दाखवलेला आहे का, ते विनिर्देशात शोधावे.

पुरेसे प्रकटीकरण

इथे फार वेळ लागत नाही, पण दोन जागा नीट पाहाव्यात. घन द्रावण कसे बनवले, त्याचे आम्ल, तापमान आणि धुलाई लिहिलेली असावी. "नेहमीच्या पद्धतीने" एवढ्यावर भागत नाही. आणि ६० नॅनोमीटरच्या टोकापर्यंत पोचायला कोणत्या आकाराचे मणी, किती वेळ, किती भरणा, हे किमान एका उदाहरणात असावे, कारण फार दळले तर स्फटिक तुटून कण पुन्हा चिकटतात आणि व्हिस्कॉसिटी वाढते. घटकाचे फक्त व्यापारी नाव दिले असेल तर त्याची रचना किंवा गुणधर्म विनिर्देशात आहेत का, तेही पाहावे. तो ग्रेड उद्या बंद झाला तर शोध पुन्हा प्रत्यक्षात आणता येणार नाही.

अहवाल आणि दुरुस्त्या

अहवालात प्रत्येक हरकतीसोबत दस्तऐवजातील परिच्छेद, उदाहरणाचा क्रमांक आणि बदललेला आकडा द्यावा. कोणता पुरावा परीक्षकाला समाधानकारक वाटेल हेही अर्जदाराला सूचित करावे, जसे "समान प्रमाणातील साध्या मिश्रणाशी, समान कण-आकारावर केलेली तुलना". यामुळे उत्तर नेमके येते आणि दुसरी फेरी बहुधा टळते.

उत्तरात दावा अरुंद होऊन आला, की दुरुस्तीचा उगम मूळ मजकुरात शोधावा. नेहमी घडणारा दोष असा, की अर्जदार एका उदाहरणातील ८५ नॅनोमीटर हा आकडा उचलून दाव्याची वरची सीमा म्हणून घालतो, पण तो आकडा ज्या विशिष्ट डिस्पर्संटबरोबर आणि ज्या प्रमाणात मिळाला होता ते मागेच ठेवतो. युरोपीय पेटंट कराराच्या कलम १२३ (२) खाली ही मान्य न होणारी मधली व्यापकता ठरते. भारतात कलम ५९ नुसार दुरुस्त दावा आधीच्या दाव्याच्या व्याप्तीत पूर्णपणे बसावा लागतो. मोजण्याची पद्धत दाव्यात घालणारी दुरुस्ती सहसा मूळ वर्णनात आधार असलेली असते आणि ती स्वागतार्ह आहे. मात्र पद्धत घातल्यावर "व्यास" हा शब्द वर्णनाच्या इतर भागांत जुन्या अर्थाने उरलेला नाही, आणि तक्त्यातील प्रत्येक उदाहरण त्या पद्धतीने मोजूनही दाव्याच्या आतच पडते, हे मंजुरीपूर्वी ओळीनुसार तपासावे. बाहेर पडलेले उदाहरण "शोधानुसार" या शीर्षकाखाली राहू देऊ नये. त्याला तुलनेचा किंवा संदर्भाचा नमुना असे नाव द्यायला अर्जदाराला कळवावे.